उभे ठेवलेले दगड

मी निघालो त्या सकाळी भावकी एवढी जमली, की गॅसवरच्या पातेल्यातला चहा पुरेना. मायनं घरामागच्या मोकळ्या जागेत तीन दगड मांडले, काटक्या सारल्या आणि मोठं भगुनं चढवलं. पडेगावच्या आमच्या दोन खोल्यांपुढं जीप येऊन थांबली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. चुलते माझी सुटकेस उचलून वजनाचा अंदाज घेत होते, आणि इंग्लंडात बाजरी मिळते का, असं कुणीतरी तिसऱ्यांदा विचारत होतं. सगळ्यांच्या पाया पडून झालं, पण आबा दिसेनात. घरामागं गेलो तर ते चुलीकडं बघत उभे. गडबडीत कुणाचा तरी पाय लागून दोन दगड कलंडले होते.

"बिरू," आबा म्हणाले, "दगड उभे करून जा."

नव्या बुटांनीच राखेत उतरलो. दगड उभे केले, तिन्हींच्या बुडाशी माती दाबली. आबांनी मान हलवली. आम्हा बापलेकांचा निरोप एवढाच झाला.

हे कळायचं तर आमची रीत सांगायला हवी. आम्ही धनगर. आमच्यात वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे. मेंढरं, घोडं, कोंबड्या, जाळी आणि माणसं मिळून जे चालतं तो वाडा. दिवाळी झाली की आमचा वाडा लासूर स्टेशनच्या बाजूनं गोदाकाठाकडं उतरायचा आणि मिरगाच्या आधी परत फिरायचा. वाटेतले शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरं वावरात बसवून घ्यायचे. "दोन राती बसता का?" असं विचारायचे. बसणं म्हणजे तेवढंच. मग उठायचं आणि पुढं चालायचं. उठताना चुलीचे दगड बरोबर न्यायचे नाहीत. पुढल्या साली तिथं परत यायचं असेल तर ते उभे ठेवायचे. मालकाशी बिनसलं असेल, त्या वाटेला पुन्हा यायचंच नसेल, तर पायानं ढकलून आडवे करायचे. उभ्या दगडांची जागा दुसरा वाडा घेत नसे. म्हणून यायचं नसताना दगड उभे ठेवणं आमच्यात चोरीपेक्षा वाईट समजत. स्वतः बसायचं नाही आणि दुसऱ्याला बसू द्यायचं नाही, असला तो प्रकार. आणि ज्यानं उभे केले त्यानंच ते आडवे करायचे. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

साऱ्या धनगरांत अशी रीत असेल असा माझा दावा नाही. आमच्या वाड्यात होती. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस अॅक्शनच्या धामधुमीत आजोबा एका मुक्कामावरून शिजतं कालवण सोडून उठले होते. पुढल्या साली भीतभीत परत गेले, तर वावराचा मालक बदललेला आणि दगड उभेच. नव्या मालकानं नांगर त्यांच्या कडेनं फिरवला होता. त्या साऱ्या धामधुमीतली एवढी एकच गोष्ट आजोबा सांगायचे.

सेटल हा शब्द आमच्या घरात मी आणला. पॉलिटेक्निक करून शेंद्र्याच्या एका कारखान्यात लागलो, तेव्हा तो सगळ्या अंगांनी माझ्या अंगावर आला. दोन कामगार भांडले की सुपरवायझर म्हणायचा, मॅटर सेटल करा, म्हणजे मिटवा. नवं मशीन आलं की म्हणायचा, त्याला जरा सेटल होऊ द्या. म्हणजे लगेच छळू नका. कामावरून कमी केलेला माणूस कॅन्टीनमध्ये दिसला की लोक हळूच विचारायचे, सेटलमेंट मिळाली का; म्हणजे तुझं आमचं संपलं का. आणि लग्नाच्या बैठकीत माझ्या सासऱ्यांनी विचारलं, पोरगा सेटल आहे ना? त्यात परमनंट नोकरी, प्लॉट, निर्व्यसनीपणा, मोटारसायकल, सगळंच आलं. आबांना शब्द कळला नाही, पण प्रश्न कळला.

"मेंढरं घेऊन उठत नाय आता, एवढं खरं," ते म्हणाले. बैठक हसली. सासरे सर्वांत मोठ्यांदा हसले. लग्न ठरलं.

कंपनीनं मला इंग्लंडच्या प्लँटवर दोन वर्षांसाठी पाठवलं. मायला समजावताना मी म्हणालो होतो, "दोन राती बसल्यासारखं आहे गं, उठून येतोच." ती हसली होती. लेकानं आपल्या भाषेत समजावलं म्हणून तिला बरं वाटलं असावं. ते वाक्य मला आजही नीट आठवतं, कारण मी ते अगदी मनापासून बोललो होतो. तुमच्यापैकी जे गेले त्यांना हे माहीत असेल, की आपण निघताना खोटं बोलत नाही. खोटं नंतर सुरू होतं, एकेका मुदतवाढीबरोबर.

तिथं तर तो शब्द हवेतच होता. ऑफिसात माझं नाव बिरदेवचं बिल झालं. पहिल्या आठवड्यापासून जो तो विचारायचा, सेटल होतोयस ना बिल? पाठोपाठ बायको आणि मुलगीही आली. मुलगी शाळेत जायला लागली. तिची बाई फाटकाशी येऊन सांगायची, छान सेटल होतेय हं. म्हणजे आता रडत नाही. मुलं गोंगाट करत असली की तीच बाई त्याच शब्दानं त्यांना दटावायची. बर्फ पडायला लागलं की शेजारी खिडकीतून विचारायचे, सेटल होतंय का? म्हणजे पडल्यापडल्या वितळतंय की साचून राहतंय. चार दिवस पाऊस आला नाही की बातम्यांत हवा सेटल. घर घेताना सर्व्हेअरनं भिंतीवरची तिरकी भेग बोटानं दाखवली आणि म्हणाला, ही जुनी सेटलमेंट, काळजी नको. सगळी घरं थोडीफार खाली बसतातच. मी मान डोलावली. जे खचणं आहे त्यालाही या लोकांनी तोच शब्द ठेवलाय, याचं मला तेव्हा नवल वाटलं. पुढं वाटेनासं झालं.

शहराबाहेर पडलं की मेंढ्याच मेंढ्या. हिरव्या कुरणात, दगडी कुंपणाच्या आत, पाठीवर निळ्या रंगाचा पट्टा. माणूस कुठं दिसायचा नाही. पाऊस असो, बर्फ असो, त्या तिथंच. सुरुवातीला मी गाडी कडेला थांबवून त्यांच्याकडं बघत बसायचो. बायको म्हणायची, चला आता, लोक बघतात. आबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, "संग कोन चालतंय?"

"कुणी नाही आबा. त्या चालतच नाहीत. तिथंच असतात."

आबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "आन कुत्रं?"

"कुत्रंही नाही."

"मग त्यांला कळतं कसं, कवा उठायचं ते?"

दर फोनच्या शेवटी माझ्यासाठीही त्यांचा हाच प्रश्न असायचा. "उठनार कवा?" मी म्हणायचो, एवढा प्रोजेक्ट झाला की. मग एवढी मुलीची शाळा झाली की. मग एवढे घराचे हप्ते झाले की. माय गेली तेव्हा आलो, दिवस केले, परत गेलो. तेवढ्या दिवसांत एक पाहिलं. घरामागच्या जागेत घाणेरी वाढली होती, फाटके टायर पडले होते, पण तीन दगडांच्या भोवतीचा तुकडा झाडलेला होता. आबा रोज सकाळी झाडायचे. दगडांना खराटा लागू द्यायचे नाहीत. शेजाऱ्याची शेळी दगडांवर चढली की तिला हाकलायचे, इतर वेळी तीच शेळी त्यांच्या मांडीशी असायची.

तोवर आमची मेंढरं गेली होती. ज्या वावरांत आम्ही बसायचो तिथं प्लॉटिंग झालं, तारा आल्या, वाटा बुजल्या. माझा धाकटा भाऊ म्हाळू छोटा टेम्पो चालवू लागला. आबा घरी बसले. इथं बसले म्हणजे काय झालं, ते मी लिहीत नाही. ज्या माणसाचं उभं आयुष्य चालण्यात गेलं तो दोन खोल्यांत बसला, एवढंच लिहितो.

मग मला तिथं कायमचं राहण्याचा परवाना मिळाला. त्या देशाचं सरकार अशा माणसाला सेटल्डच म्हणतं. ऑफिसात केक कापला. त्याच हिवाळ्यात पडेगावला आलो आणि मोठ्या उत्साहानं आबांना सांगितलं, की मी आता सेटल झालो. आबा ओट्यावर बसले होते. माझी भावजय कौसा बाजूला ज्वारी पाखडत होती.

"म्हंजी काय झालास?" आबांनी विचारलं.

मी म्हणालो, स्थायिक झालो. ते बघत राहिले. मी म्हणालो, स्थिरस्थावर झालो. बस्तान बसलं. रुळलो, मुरलो. जम बसला. एकेक शब्द मी पुढं करत होतो आणि आबा तो हातात घेऊन परत ठेवत होते, बाजारात वांगी बघितल्यासारखे.

"लई शब्द झाले," ते म्हणाले. "एक सांग. तिथनं तुला आता कुनी उठवनार नाय?"

"नाही आबा. कुणीच नाही."

"बरं झालं." मग म्हणाले, "आन तू सोता उठनार का?"

कौसाचं सूप थांबलं. इतके शब्द तोंडात होते, त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

"मग दगड आडवे करून जा," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. पाणी पिऊन जा म्हणावं तसं म्हणाले. "जागा अडवू नये मान्सानं."

मी त्या क्षणी उठायला हवं होतं. घरामागं जाऊन पायानं तीन दगड ढकलायला हवे होते. मी म्हणालो, "राहू द्या आबा. रिटायर झालो की येणारच आहे मी."

"येनार असशील तर ठेव," आबा म्हणाले. एवढंच म्हणाले. मी खोटं बोलतोय हे त्यांना कळलं होतं, की माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास बसला होता, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्हींपैकी कुठलं जास्त वाईट, हेही ठरवता येत नाही.

त्यानंतर ते फार जगले नाहीत. ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका मीटिंगमध्ये होतो आणि पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. दहाव्याला आलेल्या पाहुण्यांत मी हात जोडून उभा होतो. लोक म्हणत होते, थोरला तिकडं सेटल आहे. कौतुकानंच म्हणत होते. घरामागं मी गेलो नाही.

पुढल्या वर्षी कौसाचा फोन आला. एरवी ती सणावारी दोन शब्द बोलून फोन म्हाळूकडं द्यायची. त्या दिवशी सरळ मुद्द्यावर आली.

"भावजी, गिरनी घेतली म्या. पिठाची."

"अरे वा! कुठं टाकलीस?"

"कुठं टाकनार? खोलीतच हाय, गोनपाट टाकून. झोपंत पाय तानले की तिला लागत्यात. मागं पत्र्याचं शेड मारायचं म्हनते."

"मग मार की. विचारतेस काय?"

"मारते की," कौसा म्हणाली, "पन तुमचे दगड हायेत ना उभे. आमच्या जागंवर कोर्टाचा स्टे आल्यावानी झालंय."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणालो, अगं, मग बाजूला कर ते दगड. तर म्हणाली, "आबा होते तवर त्यांनी खराटा लागू दिला नाय, आन आता म्या उचलून फेकू? नाय व्हायचं ते माझ्याच्यानं." मग म्हाळूनं फोन घेतला.

"दादा, ज्यानं उभे केले त्यानं आडवे करायचे. तुला ठाऊक हाय."

"अरे म्हाळू, मेंढरं गेली, वाडा गेला, आता कसली रीत?"

"सगळंच गेलं म्हनून हे बी घालवू?" तो म्हणाला. "तिकीट काढ. का तिकडं सोडत न्हाईत तुला?"

मी तिकीट काढलं नाही. कारणं होती: रजा शिल्लक नव्हती, मुलीची परीक्षा होती, भाडं महाग होतं. प्रत्येक कारण खरं होतं आणि मी ते म्हाळूला नीट सांगितलं. जे सांगितलं नाही ते इथं लिहितो. ते दगड मला उभे हवे होते. इंग्लंडच्या त्या ओल्या, भेग पडलेल्या भिंतीच्या घरात मी झोपायचो, तेव्हा पडेगावला तीन दगड माझ्या नावानं उभे आहेत ही गोष्ट मला उबदार वाटायची. ते उभे आहेत तोवर मी गेलेलो नाही, नुसता पुढच्या मुक्कामाला आहे, असं मला मानता येत होतं. माझं ते मानणं चालू राहावं म्हणून कौसा गिरणीला पाय लागू नयेत असं अंग चोरून झोपत होती आणि शेजारच्या वस्तीतल्या बायका दळण डोक्यावर घेऊन पार रोडपलीकडं जात होत्या. मी सणाला कपडे पाठवत होतो. म्हाळूच्या टेम्पोच्या टायरला मदत केली होती. देण्यासारखं सगळं देत होतो, आणि मला ज्याचा काडीचा उपयोग नव्हता ती कोपऱ्यातली जागा तेवढी सोडत नव्हतो.

माझ्यासारख्या गेलेल्यांना विचारावंसं वाटतं, तुमचं असं काय उभं आहे मागं? कुलूप लावलेली एखादी खोली, सातबाऱ्यावरचं नाव, माळ्यावरची ट्रंक? त्याच्यावरून अंग चोरून कोण चालतंय?

गेल्या हिवाळ्यात शेवटी गेलो. विमानाच्या तिकिटावर आमच्या शहराचं नाव आता बदललेलं येतं. माझ्या तोंडात अजून जुनंच येतं, आणि टॅक्सीवाल्यानं दोन्ही नावं घेऊन मला पडेगावला सोडलं. कौसानं चहा दिला. गिरणी खोलीच्या मधोमध होती, गोणपाटावर मुलांचे कपडे वाळत होते. कप खाली ठेवून मी घरामागं गेलो.

लहानपणी बघितलेलं होतं. आबा चालता चालता टाचेनं एक धक्का द्यायचे आणि दगड आडवा व्हायचा. मागं वळूनही बघायचे नाहीत. मी टाच मारली. दगड हलला नाही. पुन्हा मारली, बुटाचा तळ उचकटला. दोन्ही हात लावून ढकललं. तीन दगड तसेच, वर नुसती टोकं.

"रुतले हो भावजी," कौसा दारातून म्हणाली. "लई साल कुनी हलवलं नाय की रुतत्यातच."

म्हाळूनं पहार आणली आणि माझ्या हातात दिली. त्यानं स्वतः हात लावला नाही. मी बुडाशी खणत गेलो. खाली माती काळी होती, त्या सकाळची राख असावी, किंवा मला तसं वाटलं असेल. पहिला दगड निघायला इतका वेळ लागला की शेजारची माणसं बघायला आली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय निघालं का रं हंडा-बिंडा?" म्हाळू म्हणाला, "दादाची इस्टेट निघायलीय, मामा." सगळे हसले. मीही हसलो आणि मग मला पुढचं दिसेना. तोंड वळवून मी दुसऱ्या दगडाला लागलो.

तिन्ही आडवे झाले तेव्हा मी बाजूला सरलो. रीतीप्रमाणं त्यानंतर तिथं थांबायचं नसतं. आमच्या वाड्यात आडव्या दगडांकडं कुणी बघत बसत नसे. मी घरात आलो. कौसानं खराटा घेतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो कोपरा सरळ झाडून काढला. संध्याकाळच्या आत म्हाळूनं शेडचे खड्डे आखले.

मी असतानाच शेड झालं. दगड शेडच्या पायाभरणीत टाकले. म्हाळू म्हणाला, चांगले कठीण आहेत, वाया कशाला घालवायचे. गिरणी चालू झाली तेव्हा पहिलं दळण कौसानं घरचंच घातलं. निघताना तिनं त्या पिठाची पिशवी माझ्या बॅगेत ठेवली. विमानतळावर ती उघडून बघितली गेली आणि मी ते पीठ आहे असं पुन्हा पुन्हा सांगत राहिलो.

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. पूर्वी सांगितलं असतं: जिथं आपल्या नावानं जागा राखलेली असते ते. ती मी माझ्या हातानं मोकळी केली. तिथं आता रोज लोक येतात, डबे ठेवतात, नंबर लावतात, पाऊस आला की आडोशाला थांबतात. माझ्या त्या तीन दगडांनी इतक्या वर्षांत एकालाही आडोसा दिला नव्हता.

फोन मी अजून करतो. मागं गिरणी चालू असते. मी काय म्हणतो ते कौसाला ऐकू येत नाही, ती काय म्हणते ते मला अर्धं कळतं. परवा मी ओरडून विचारलं, सगळे बरे आहेत ना? तिकडून आवाज आला, "व्हय, व्हय! भावजी, नंतर करा. दळनाला लाईन लागलीया."